चित्र दान, ८०जी आणि सहा लाखांचा कर: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण समजावण्यासाठी मांडलेले आहे. माणसे कल्पित आहेत आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत. यातले प्रश्न मात्र घरात एखादे मोलाचे चित्र असलेल्या आणि ते चांगल्या कामाला द्यावे असे वाटणाऱ्या प्रत्येकासमोर येतात. कलमांचे क्रमांक आयकर कायदा, १९६१ मधले आहेत आणि आकडेमोड आर्थिक वर्ष २०२४-२५ ची आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. त्यानंतरच्या व्यवहाराला नवे क्रमांक पाहावे लागतील.

परिस्थिती

पुण्यातल्या ७१ वर्षांच्या एक निवृत्त प्राध्यापिका. निवृत्तिवेतन, एका सदनिकेचे भाडे आणि ठेवींचे व्याज मिळून त्यांचे करपात्र उत्पन्न १८ लाख रुपये. त्यांच्या दिवाणखान्यात ९१ × १२२ सेंटिमीटरचे एक तैलचित्र आहे. ते त्यांच्या पतीने १९८७ साली मुंबईत थेट चित्रकाराकडून ८,००० रुपयांना घेतले. पती २००९ मध्ये वारले आणि मृत्युपत्रात घरातली सगळी जंगम मालमत्ता पत्नीच्या नावे करून गेले. चित्रकार आज हयात नाहीत. लिलावगृहाने चित्राचा अंदाज ४० ते ६० लाख सांगितला. शिवाय एका संग्राहकाने ५० लाखांना घेण्याची तयारी तोंडी दाखवली होती.

त्यांना हे चित्र एका कलाशिक्षण ट्रस्टला द्यायचे होते आणि त्यातून पतीच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू व्हावी अशी इच्छा होती. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला होता आणि आयकराची १२एबी (ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसवलत देणारे) व ८०जी (देणगीदाराला उत्पन्नातून वजावट मिळवून देणारे) ही दोन्ही प्रमाणपत्रे त्याच्याकडे होती. सचिवांनी उत्साहाने पत्र दिले की चित्र मिळताच ५० लाखांची ८०जी पावती देऊ. अमेरिकेतल्या मुलानेही फोनवर सांगितले की चित्र दान केले की पूर्ण बाजारभावाची वजावट मिळते.

जानेवारी २०२५ मध्ये बाईंचा हिशेब असा होता: ५० लाखांचे निम्मे २५ लाख, उत्पन्न १८ लाख, म्हणजे यंदाचा कर शून्य आणि उरलेले ७ लाख पुढच्या वर्षी वळते करता येतील.

हा हिशेब कुठे चुकतो

पहिलीच चूक बाकी सगळ्यांवर पाणी फिरवते. कलम ८०जी च्या स्पष्टीकरण ५ प्रमाणे देणगी पैशाच्या रूपात असेल तरच वजावट मिळते. चित्र, जमीन, धान्य, संगणक, औषधे अशा वस्तुरूप देणगीला ८०जी लागूच होत नाही. मूल्यांकन कितीही पक्के असो, ट्रस्ट कितीही नामवंत असो, त्याने काही फरक पडत नाही. सचिवांच्या पत्रातली ५० लाखांची पावती कराच्या दृष्टीने शून्य रुपयांची आहे.

समजा चित्राऐवजी ५० लाख रुपये बँकेतून दिले असते, तरीही २५ लाखांची वजावट मिळाली नसती. या ट्रस्टसारख्या बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीवर निम्मी वजावट मिळते, पण पात्र रकमेची मर्यादा समायोजित एकूण उत्पन्नाच्या, म्हणजे इतर वजावटी काढून उरलेल्या उत्पन्नाच्या, १० टक्के असते. १८ लाखांवर ती १,८०,००० होते, आणि तिची निम्मी, म्हणजे ९०,००० रुपये, ही खरी वजावट. उरलेली देणगी पुढच्या वर्षी नेण्याची सोय ८०जी मध्ये नाही.

आणि ही ९०,००० ची वजावटही फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. २०२३-२४ पासून नवी प्रणाली मुळातच लागू असते आणि तिच्यात सर्वसाधारण देणगीदाराला ८०जी नाही. १८ लाखांवर नव्या प्रणालीतला कर २,३०,००० आणि ४ टक्के उपकर धरून २,३९,२०० रुपये. जुन्या प्रणालीत ज्येष्ठ नागरिक म्हणून ३ लाखांची सूट धरून, ९०,००० ची वजावट घेतल्यावर, ३,३५,९२०. म्हणजे ८०जी घेण्यासाठी जुन्या प्रणालीत राहिल्याने ९६,७२० रुपये जास्त जातात. यावर लोक म्हणतात की जुन्या प्रणालीत बाकीच्याही वजावटी असतात ना! त्याही धरून पाहू: बचत-गुंतवणुकीवरचे ८०सी चे पूर्ण दीड लाख, आरोग्य विम्याचे ५०,००० आणि व्याजावरचे ८०टीटीबी चे ५०,०००. तेव्हा ८०जी ची मर्यादा १५,५०,००० च्या १० टक्क्यांवर येते, वजावट ७७,५०० उरते आणि कर होतो २,६१,८२०. तोही नव्या प्रणालीपेक्षा २२,६२० ने जास्तच. देणगीची वजावट मिळावी म्हणून प्रणाली निवडण्याआधी एवढी आकडेमोड कागदावर मांडून पाहावीच.

मुलाचे म्हणणे अमेरिकेच्या कायद्याबद्दल होते आणि तिथेही ते अर्धेच खरे आहे. तिथे वर्षाहून अधिक काळ बाळगलेल्या चित्राची बाजारभावाने वजावट मिळू शकते, पण संस्थेने ते आपल्या मूळ कामासाठी वापरले तरच. उदाहरणार्थ संग्रहालयाने ते संग्रहात ठेवले तर. संस्था ते विकून पैसे वापरणार असेल तर वजावट खरेदी किमतीपुरतीच मिळते. ५,००० डॉलरच्या वर पात्र मूल्यांकनकाराचा अहवाल आणि फॉर्म ८२८३ लागतो, आणि चित्रकाराने स्वतःचेच चित्र दिले तर त्याला रंग-कॅनव्हासच्या खर्चाएवढीच वजावट मिळते. इंटरनेटवर चित्रदानाच्या करलाभाबद्दल जे लिहिलेले असते त्यातले बरेचसे त्या कायद्यावर बेतलेले असते. भारतात भरायच्या विवरणपत्राला ते लावू नये.

मग लाभ कुठे आहे

लाभ भांडवली नफ्याच्या, म्हणजे मालमत्ता विकून होणाऱ्या नफ्याच्या, बाजूला आहे, आणि या प्रकरणात तो मोठा आहे.

पूर्वी घरातले चित्र ही वैयक्तिक वापराची वस्तू मानली जाई. वित्त कायदा, २००७ नंतर रेखाचित्रे, चित्रे, शिल्पे, पुरातत्त्वीय संग्रह आणि कोणतीही कलाकृती यांना त्या सवलतीतून बाहेर काढले गेले. त्यामुळे दिवाणखान्यातले चित्र आज भांडवली मालमत्ता आहे. विकले तर नफ्यावर कर लागतो. मात्र कलम ४७(iii) प्रमाणे व्यक्तीने किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाने दिलेली भेट हे ‘हस्तांतरण’ धरलेच जात नाही. म्हणून दान केले तर भांडवली नफा शून्य, आणि तो विवरणपत्रात दाखवण्याचाही प्रश्न नाही. २०२४ च्या दुरुस्तीनंतर ही सवलत व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंब यांच्यापुरतीच उरली आहे, हे लक्षात ठेवावे. चित्र घरच्या कंपनीच्या पुस्तकात असते तर या मार्गाने जाता आले नसते. कंपनीच्या कार्यालयात टांगलेले जुने चित्र ‘आपलेच तर आहे’ म्हणून देऊन टाकणाऱ्यांची इथेच फसगत होते.

शिष्यवृत्तीला पैसे लागतात, म्हणजे चित्र कुणीतरी विकणार हे ठरलेलेच होते. तेव्हा खरा प्रश्न एवढाच होता: चित्र बाईंनी विकून पैसे द्यायचे, की चित्र देऊन ट्रस्टने विकायचे?

बाईंनी विकले तर

लिलावात ५० लाखांना गेले असे धरू. विक्रेत्याकडून घ्यायचे कमिशन १० टक्के धरले तर ५ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी ९०,०००. हातात ४४,१०,००० येतात. हा खर्च विक्रीसाठीच झालेला असल्याने नफ्यातून वजा होतो.

खरेदी किंमत कोणती धरायची? चित्र मृत्युपत्राने आले, म्हणून कलम ४९(१) प्रमाणे पतीची किंमत आणि पतीने घेतल्याची तारीख हीच बाईंची धरली जाते. खरेदी १ एप्रिल २००१ च्या आधीची असल्याने ८,००० रुपयांऐवजी त्या दिवशीचा बाजारभाव घेण्याची मुभा आहे. नोंदणीकृत मूल्यांकनकाराने तो ३ लाख ठरवला असे धरू. हा अहवाल नसेल आणि ८,००० च धरावे लागले तर कर सुमारे ४१,७५० रुपयांनी वाढतो. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला दर १२.५ टक्के आणि महागाई निर्देशांकाचा लाभ नाही. जुन्या पद्धतीने कर मोजण्याचा पर्याय जमीन आणि इमारतीपुरताच ठेवला आहे, चित्राला तो नाही.

नफा: ५०,००,००० वजा ५,९०,००० वजा ३,००,००० म्हणजे ४१,१०,०००.
त्यावर १२.५ टक्के: ५,१३,७५०.
नेहमीच्या उत्पन्नावरचा कर, नवी प्रणाली: २,३०,०००.
बेरीज: ७,४३,७५०.
अधिभार १० टक्के: ७४,३७५.
उपकर ४ टक्के: ३२,७२५.
एकूण: ८,५०,८५०.

अधिभाराची ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते. एरवी १८ लाख उत्पन्न असलेल्या व्यक्तीला अधिभाराशी काही देणेघेणे नसते. चित्राच्या नफ्याने त्या वर्षाचे एकूण उत्पन्न ५९,१०,००० होते, ५० लाखांची रेषा ओलांडली जाते, आणि मग निवृत्तिवेतनावरच्या करालाही १० टक्के अधिभार चिकटतो. उपकरासह हा भार ७७,३५० रुपयांचा आहे.

विक्री झाली नसती तर कर २,३९,२०० होता. म्हणजे विक्रीपायी वाढलेला कर ६,११,६५०. तो भरून ट्रस्टला देता येतात ३७,९८,३५० रुपये.

आता कुणी म्हणेल, एवढी मोठी रक्कम बँकेतून दिली, तर ८०जी चा काहीतरी आधार मिळेल. इथे कलम ११२(२) आडवे येते. दीर्घकालीन भांडवली नफा बाजूला काढूनच ८०जी सारख्या वजावटी मोजायच्या असतात. त्यामुळे १० टक्क्यांची मर्यादा ५९ लाखांवर न बसता १८ लाखांवरच बसते आणि वजावट पुन्हा ९०,०००. जुन्या प्रणालीत ती घेऊन एकूण कर ९,५७,२४२ होतो, नव्या प्रणालीपेक्षा एक लाखाहून जास्त. अडतीस लाखांची देणगी देऊनही ८०जी मधून काहीच हाती लागत नाही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. पण हिशेब असाच आहे.

ट्रस्टने विकले तर

बाई चित्र देतात: भांडवली नफा शून्य, उत्पन्न १८ लाखच, कर २,३९,२०० च. ट्रस्टला ५०,००० रुपयांहून मोलाची मालमत्ता फुकट मिळाली म्हणून अशी मालमत्ता उत्पन्न धरणाऱ्या कलम ५६(२)(x) चा प्रश्न निघतो, पण १२एबी नोंदणी असलेल्या संस्थेला त्यातून स्पष्ट सूट आहे.

ट्रस्टने त्याच लिलावात, त्याच कमिशनवर विकले तर त्यांच्याही हाती ४४,१०,००० येतात. कलम ११(१ए) प्रमाणे धर्मादाय ट्रस्टने विक्रीची सगळी निव्वळ रक्कम दुसऱ्या भांडवली मालमत्तेत गुंतवली तर नफा धर्मादाय कामासाठी वापरला असे धरतात. बँकेतली सहा महिने किंवा अधिक मुदतीची ठेवही यात चालते. ठेवीचे व्याज म्हणजेच शिष्यवृत्ती. ७ टक्के दराने ४४,१०,००० वर वर्षाला ३,०८,७०० रुपये येतात आणि ३७,९८,३५० वर २,६५,८८४. दर वर्षी जवळपास ४३,००० चा फरक. एका विद्यार्थ्याचे रंग, कॅनव्हास आणि प्रवासभाडे यात निघते. आमच्या मते सगळ्या प्रकरणाचा निकाल या एकाच तुलनेत आहे.

यातला एक सापळा मात्र गंभीर आहे. तो संग्राहक ५० लाख द्यायला तयार होता. बाईंनी आधी त्याच्याशी सौदा ठरवला, विसार घेतला किंवा मेसेजवर किंमत पक्की केली, आणि मग चित्र ट्रस्टला देऊन ट्रस्टकडून त्यालाच विकवले, तर कर अधिकारी म्हणू शकतो की विक्री मुळात बाईंचीच होती आणि ट्रस्ट फक्त मधला माणूस. मग सहा लाखांचा कर दंडासह परत येतो. म्हणून दानाआधी कोणाशीही किंमत ठरवू नये. चित्र आधी पूर्णपणे ट्रस्टचे व्हावे. मग विकायचे की नाही, कोणाला आणि कुठे, हे विश्वस्तांनी आपल्या बैठकीत ठरवावे. तोच संग्राहक लिलावात येऊन बोली लावू शकतो, त्याला काही हरकत नाही.

संग्रहालयाचा वेगळा दरवाजा

या प्रकरणात हा पर्याय शेवटी घेतला गेला नाही, तरी तो इतका कमी माहीत आहे की सांगणे भाग आहे. कलम ४७(ix) प्रमाणे कलाकृती, हस्तलिखित, चित्र, छायाचित्र किंवा कलासंग्रह हा सरकारला, विद्यापीठाला, नॅशनल म्युझियमला, नॅशनल आर्ट गॅलरीला, राष्ट्रीय अभिलेखागाराला किंवा केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या सार्वजनिक संग्रहालयाला दिला, तर तेही हस्तांतरण मानत नाहीत. दान असेल तर ४७(iii) पुरेसे आहेच. या कलमाची खरी किंमत विक्रीत आहे, कारण ते फक्त भेटीपुरते बोलत नाही. अशा संस्थेने चित्र ३० लाखांना विकत घेतले तरी भांडवली नफा कर लागत नाही आणि अधिभाराची रेषाही ओलांडली जात नाही.

ज्यांना काही रक्कम हाताशी हवी आहे, आणि चित्र लोकांच्या नजरेसमोर राहावे असेही वाटते, त्यांच्यासाठी बाजारभावाहून कमी किमतीला संग्रहालयाला विकणे हा उत्तम मार्ग आहे. अडचण वेळेची असते. खरेदी समितीचा निर्णय लागायला महिनोन् महिने जातात, आणि खाजगी ट्रस्टच्या संग्रहालयाने तुम्हाला कलम ४७(ix) लागू आहे असे सांगितले, तर त्यांच्या नावाच्या अधिसूचनेची प्रत आधी मागून घ्यावी. तोंडी आश्वासनावर व्यवहार करू नये.

कागदपत्रे, आणि चित्राची मागची बाजू

बाईंनी पहिल्यांदा मूल्यांकनकाराकडे धाव घ्यायचे ठरवले होते. त्याची त्यांना गरज नव्हती. वजावटच मिळत नाही, तर दात्याला आजच्या किमतीचा अहवाल कशाला हवा? ती फी ट्रस्टने भरावी, कारण विम्यासाठी आणि हिशेबासाठी किंमत त्यांना हवी आहे. बाईंकडून जे हवे होते ते वेगळेच होते आणि पैशाने मिळणारे नव्हते: चित्र खरे आहे आणि आपले आहे याचा पुरावा.

चित्र भिंतीवरून उतरवून टेबलावर पालथे ठेवले. लाकडी चौकटीवर चित्रकाराच्या हातचे पेन्सिलीने लिहिलेले शीर्षक, साल आणि एक अनुक्रमांक होता. वरच्या पट्टीवर एका जुन्या प्रदर्शनाची कागदी चिठ्ठी, कडा वाळवीने कुरतडलेल्या. कॅनव्हास ठोकलेले छोटे खिळे गंजलेले, आणि खाली डाव्या कोपऱ्यात बाहेरच्या भिंतीच्या ओलीने पडलेला तळहाताएवढा डाग, ज्यावर समोरच्या बाजूने रंगाला बारीक भेगा गेल्या होत्या. हे सगळे तिरक्या प्रकाशात, फूटपट्टी शेजारी ठेवून, समोरून आणि मागून टिपले. चिठ्ठी काढायची नाही, पेन्सिल पुसायची नाही, चौकट ‘छान दिसावी’ म्हणून बदलायची नाही. घरचे लोक देण्याआधी चित्र ओल्या फडक्याने पुसतात, त्याने किमतीतले काही लाख एका दुपारीत जातात. साफसफाई कलासंवर्धकाचे काम आहे आणि तेही ट्रस्टने करून घ्यायचे आहे.

१९८७ ची पावती सापडली. पिवळी पडलेली, चित्रकाराच्या सहीची, ‘तैलरंग, ३६ × ४८ इंच’ असा उल्लेख असलेली. तिची मूळ प्रत ट्रस्टला दिली आणि साक्षांकित प्रत बाईंनी ठेवली. भेट म्हणून मिळालेल्या चित्राला आधीच्या मालकाचीच खरेदी किंमत लागू होते, त्यामुळे विक्रीच्या वेळी हा कागद ट्रस्टला लागतो. त्यासोबत मृत्युपत्राची प्रत आणि मुलगा व मुलगी यांची ना हरकत पत्रे. मृत्युपत्रात ‘घरातली सर्व जंगम मालमत्ता’ असे मोघम लिहिलेले होते, चित्राचा वेगळा उल्लेख नव्हता. चित्र ५० लाखांचे आहे हे कळल्यावर भावंडांचे मत बदलू शकते, आणि वादातले चित्र कोणतेही लिलावगृह घेत नाही.

चित्राला शंभर वर्षे झालेली नव्हती, त्यामुळे पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ खालच्या नोंदणीचा प्रश्न नव्हता. लघुचित्र, जुनी मूर्ती किंवा सचित्र पोथी असती तर पहिला कागद नोंदणी प्रमाणपत्राचा मागावा लागला असता. एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवावी: चित्र दिले तरी त्याचा कॉपीराइट देता येत नाही, कारण तो बाईंकडे कधीच नव्हता. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो त्यांच्या वारसांकडे राहतो. शिष्यवृत्तीच्या पोस्टरवर हे चित्र छापायचे तर ट्रस्टला वारसांची परवानगी घ्यावी लागेल.

दानपत्रात काय लिहावे, काय लिहू नये

मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२३ प्रमाणे जंगम वस्तूची भेट नोंदणीकृत दस्ताने किंवा प्रत्यक्ष ताबा देऊन पूर्ण होते. इथे ताब्याचा मार्ग घेतला. विश्वस्तांचा स्वीकृतीचा ठराव आधी, मग चित्र ट्रस्टच्या जागेत पोचते, आणि त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या सहीचे ताबा-पत्र: चित्राचे वर्णन, मापे, छायाचित्रे, सध्याची अवस्था, तारीख, दोन साक्षीदार. ने-आणीचा विमा चित्र भिंतीवरून उतरल्यापासून ट्रस्टच्या कपाटात जाईपर्यंतचा घ्यावा, फक्त टेम्पोतल्या प्रवासाचा नको.

बाईंच्या मसुद्यात तीन वाक्ये होती जी काढावी लागली.

‘माझ्या हयातीत चित्र माझ्याच घरी राहील.’ मग ताबा कुठे दिला? भेटच अपुरी राहते. शिवाय एवढी मोठी देणगी देणारी व्यक्ती ट्रस्टच्या दृष्टीने कलम १३ मधली ‘संबंधित व्यक्ती’ ठरते, आणि ट्रस्टची मालमत्ता तिच्या वापरात राहिली तर ट्रस्टचीच करसवलत धोक्यात येते. याच कारणाने पहिली शिष्यवृत्ती नातीला द्यावी ही सूचनाही सोडून द्यावी लागली.

‘शिष्यवृत्ती बंद पडल्यास चित्र किंवा त्याची रक्कम मला परत मिळेल.’ परत घेण्याचा हक्क राखला की ते कलम ६१ ते ६३ मधले रद्द करता येणारे हस्तांतरण होते आणि त्यातून येणारे उत्पन्न बाईंच्याच नावे करपात्र ठरते. हेतू लिहावा, परतीची अट लिहू नये. त्याऐवजी ‘शिष्यवृत्ती शक्य नसल्यास कलाशिक्षणाच्या इतर कामासाठी वापरावे’ असे लिहिले.

‘ही देणगी कॉर्पस म्हणून आहे.’ कॉर्पस म्हणजे संस्थेचा कायम राखायचा मूळ निधी. ऐकायला भारदस्त, पण आर्थिक वर्ष २०२१-२२ पासून कॉर्पस देणगीची सूट मिळायला ती रक्कम कलम ११(५) मधल्या गुंतवणुकीतच ठेवावी लागते आणि चित्र त्या यादीत नाही. हा शब्द ट्रस्टच्या लेखापरीक्षकाशी बोलून मगच लिहावा. इथे तो गाळला.

पावतीचा घोळ

सचिवांचे पत्र मागे घ्यायला लावले, पण त्यांची चूक कुठून आली हे पाहिले तर त्यांना दोष देता येत नाही. ट्रस्टने दर वर्षी ३१ मेपर्यंत भरायच्या फॉर्म १०बीडी मध्ये देणगी कशी मिळाली या रकान्यात ‘वस्तुरूप’ असा पर्याय आहेच. तो निवडून किंमत भरली की देणगीदाराच्या पॅनवर १०बीई प्रमाणपत्रही तयार होते. कागद अस्सल असतो, संदर्भ क्रमांकही असतो, म्हणून वजावट मिळणारच असे दोघांनाही वाटते. दुसरा घोळ विवरणपत्रात होतो. तिथे ८०जी च्या तक्त्यात ‘रोख’ आणि ‘इतर मार्गाने’ असे दोन रकाने असतात. ‘इतर मार्गाने’ म्हणजे चेक, एनईएफटी, यूपीआय. चित्र नव्हे. तिथे ५० लाख टाकले की संगणक काही म्हणत नाही. नोटीस नंतर येते, आणि चुकीची माहिती देऊन उत्पन्न लपवले असे ठरले तर कलम २७०ए खाली टाळलेल्या कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो. असा दावा आधीच केला असेल तर मूल्यांकन वर्षाच्या (म्हणजे त्या आर्थिक वर्षानंतरच्या वर्षाच्या) ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित विवरणपत्र भरून तो काढून टाकावा. त्यानंतर अद्ययावत विवरणपत्राचा मार्ग उरतो, पण त्यात वाढीव कर द्यावा लागतो.

ट्रस्टने देणगी १०बीडी मध्ये ‘वस्तुरूप’ म्हणून नोंदवली. बाईंनी ते प्रमाणपत्र फायलीत ठेवले आणि नव्या प्रणालीत विवरणपत्र भरले, ८०जी चा तक्ता कोरा.

ट्रस्टकडे उरलेला वेळ

चित्राचा ताबा १८ मार्च २०२५ रोजी दिला गेला. ही तारीख ट्रस्टच्या सोयीची नव्हती. कलम १३(१)(डी) प्रमाणे ठरवून दिलेल्या गुंतवणुकीत न बसणारी मालमत्ता, ज्या वर्षात मिळाली ते वर्ष संपल्यापासून एका वर्षाच्या आत मोकळी करावी लागते. मार्चमध्ये मिळालेल्या चित्राला ही मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची. तेच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिले असते तर ३१ मार्च २०२७ पर्यंत वेळ मिळाला असता. बाईंना मार्चमध्ये देऊन काहीच करलाभ नव्हता, फक्त ‘३१ मार्चच्या आत द्यावे’ ही ८०जी ची सवय होती. मोठ्या लिलावांसाठी चित्र काही महिने आधी सोपवावे लागते, आणि या चित्राच्या ओलीच्या डागाचे संवर्धन त्याहीआधी व्हायला हवे होते. ट्रस्टने एप्रिलमध्येच कलासंवर्धकाकडे चित्र पाठवले, धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीतल्या बदलाचा अहवाल महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत दिला, आणि लिलावासाठी राखीव किंमत (जिच्याखाली चित्र विकायचे नाही ती) किती ठेवायची याचा निर्णय विश्वस्तांच्या जूनच्या बैठकीवर ठेवला.